आक्काची मुकी साखळी

आमच्या हुपरीच्या घरात आवाज बंद पडला की आई हातातलं काम टाकून बाहेर यायची. इतरांच्या घरी आवाज झाला की माणसं दचकतात, आमच्याकडं उलटं होतं. पुढच्या सोप्यात आण्णा, म्हणजे माझे वडील, पाटावर मांडी घालून चांदीच्या पैंजणाची पट्टी ठोकत बसायचे, त्याची टकटक. मधल्या खोलीत चंपा आत्या घुंगरं भरायची. आण्णांची ही धाकटी बहीण नवरा गेल्यापासून आमच्यातच असायची. घुंगराच्या उघड्या तोंडातून एक बारीक गोळी आत टाकायची, चिमट्यानं तोंड दाबायचं, कानाशी हलवून बघायचं आणि परातीत टाकायचं, हे तिचं दिवसभराचं काम. परसात आई रिठ्याच्या पाण्यात तयार पैंजणं घोळायची, तर भिजलेल्या शेंगा चाळणीत हलवाव्यात तसा खळखळाट यायचा. आम्ही जैन, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली पाहिजेत. उन्हं कलली की या सगळ्या आवाजांत भाकरी थापल्याचा आवाज मिसळायचा, चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटायला लागायचं, आणि आण्णा पाटावरनंच ओरडून विचारायचे, "झालं काय गं?" अजून झालेलं नसायचं. रोज विचारायचे आणि रोज झालेलं नसायचं.

या सगळ्यातून फिरणारा आणखी एक आवाज होता, तो माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा. तो नेमका कशाचा ते सांगता यायचं नाही. कधी ती परातीच्या कडेवर नखं वाजवायची, कधी उंबऱ्यावर टाच आपटायची, कधी दाराची कडी नुसतीच वरखाली करत उभी राहायची. पाणी आणायला म्हणून घागर घेऊन निघायची आणि वाटेत कुणाच्या तरी कुडाला लावलेल्या काटक्या मोजत बसायची. घागर तिथंच, पाणी विहिरीतच. जेवतानासुद्धा तिचा डावा हात ताटाखालच्या पाटाची ढिली झालेली खिळी फिरवत असायचा. आई म्हणायची, "आगं, जरा एका जाग्याला बस की. अंगात काय किडं हायत काय?" त्यावर आक्का मनापासून बसायची. खरोखर प्रयत्न करायची, हे मी आता सांगू शकते. तेव्हा मला वाटायचं, ही मुद्दाम करते.

आता माझं सांगते. मी सुलोचना, घरात सुली. दोन वेण्या, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या, आणि त्यामुळं की काय, चेहरा कायम समोरच्याची चूक सापडल्यासारखा. पाठ ताठ, हात मांडीवर, बोट तोंडावर. बाईंनी न सांगता मी बोट तोंडावर ठेवून बसायची, एवढी मी शहाणी. वर्गाची मॉनिटर मीच. बाई बाहेर गेल्या की फळ्यावर गडबड करणाऱ्यांची नावं लिहायचा मान माझा होता आणि त्या यादीत सगळ्यांत पहिलं नाव मी माझ्या सख्ख्या बहिणीचं लिहायची, मोठ्या, वळणदार अक्षरात. आज ती सुली मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या वेण्या सोडून टाकीन आणि वर एक टपली मारीन.

माझी बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि तरी माझ्याच वर्गात कशी, तर ती पाचवीत दोनदा नापास झाली होती. मी पाचवीत गेले तर ही तिथं बसलेलीच. घरी आण्णांनी एकदाच काय ते स्पष्ट सांगितलं होतं. रागानं नाही, पट्टी ठोकता ठोकता, मान वर न करता. "औंदा पास झाली तर सातवीपातूर शिकू दे. न्हाय झाली तर पाटावर बसू दे माझ्या शेजारी. तिचा हात चांगला हाय." आक्काला शिकायचं होतं. का, ते विचारलं तर तिला सांगता आलं नसतं, पण आमच्या घरात कागदात बांधून जे काही यायचं, तो कागद ती आधी वाचायची आणि मग पुडी सोडायची. वाचता वाचता मध्येच उठून जायची, परत यायची, पुढचं वाचायची. शाळेत मात्र बाई बोलायला लागल्या की ती खिडकीबाहेर जायची. अंगानं नव्हे, मनानं.

माझी नात सान्वी आता नऊ वर्षांची आहे. इथं कोल्हापुरात मुलाच्या घरी आम्ही एकत्र राहतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या शाळेतून सारख्या तक्रारी यायला लागल्या, तेव्हा मुलगा आणि सून तिला घेऊन एका डॉक्टरीणबाईंकडं गेले, आणि मी आगाऊपणानं मागच्या सीटवर जाऊन बसले. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन वेळा बोलावून तपासलं, मग सांगितलं की याला एडीएचडी म्हणतात. मुलगी आळशी नाही, उद्धट नाही, हिचं लक्ष धरून ठेवणारं जे काही डोक्यात असतं ते जरा वेगळं चालतं. मग त्यांनी खणातून एक वस्तू काढली. बोटभर लांबीची जाळीदार पिशवी, दोन्ही बाजूंनी शिवलेली, आत एक गोटी. ती गोटी बोटांनी इकडून तिकडं सरकवायची, बस. "काही मुलांचे हात चालू असले की त्यांचं डोकं जागेवर राहतं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, वापरून बघू या. अट एकच, आवाज होता कामा नये आणि त्याच्याकडं बघत बसायला लागता कामा नये. खेळायचं हातानं, कान शिक्षकांकडं." सून वहीत लिहून घेत होती. मी ती पिशवी हातात घेतली, गोटी दोनदा सरकवली आणि मला त्या गार खोलीत घाम फुटला. मुलाला वाटलं माझी साखर उतरली. त्यानं खिशातनं गोळी काढून माझ्या तोंडात घातली. मी ती चोखत बसले आणि डोळ्यांसमोर चंपा आत्याचा हात यायला लागला.

चातुर्मासात आम्ही सगळ्या बायका-पोरी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, ग्रंथाचं वाचन ऐकायला जायचो. तास-दीड तास हलायचं नाही. आक्काला ते म्हणजे शिक्षाच. तिचा पाय हलायचा, पायातले वाळे वाजायचे, पुढच्या बायका मागं वळून बघायच्या, आई तिला चिमटा काढायची. मी शेजारी ताठ. एका दिवशी आत्या आमच्या मध्ये येऊन बसली आणि पदराआडून तिनं आक्काच्या हातात काहीतरी सरकवलं. त्यानंतर वाचन संपेपर्यंत आक्का हलली नाही. आईनं घाबरून तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. घरी येऊन बघितलं तर ती वीतभर साखळी होती. चांदीची नव्हे, गिलटाची, म्हणजे स्वस्तातल्या पांढऱ्या धातूची. नवा नमुना आधी त्यात करून बघायचे, त्यातलाच तुकडा. तिला सात घुंगरं लावलेली आणि सातही रिकामी. आत्यानं त्यात गोळ्या घातल्याच नव्हत्या. कडा सगळ्या दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. हातात घेतली तर बोटांना सगळं कळायचं, इथं कडी, इथं घुंगरू, इथं त्याची चीर, पण कानाला काही नाही. मुकी साखळी.

दुसऱ्या दिवशी जेवताना आक्कानं माडग्यात भाकरी चुरता चुरता आदल्या दिवशीची अख्खी कथा सांगितली. कोण राजा, कुठल्या वनात गेला, कुणाला भेटला, काय बोलला. आण्णांचा घास हातात राहिला. आई मला म्हणाली, "व्हय गं सुले, आसंच हुतं काय?" मी म्हटलं, हो. मला काय माहीत? मी तासभर ताठ बसून होते खरी, पण माझी ताठ पाठ कोण कोण बघतंय याच विचारात होते. कथा माझ्या कानावरून गेली आणि परसात उतरली. आत्याला मात्र नवल वाटलं नाही. आईला म्हणाली, "वहिनी, हिचं मन म्हंजे सोडलेली रेडी. वरडून थांबत न्हाय. हाताला काय तरी दिलं की दावं लागतंय बगा. माझंबी आसंच हुतं. मला घुंगरं सापडली, न्हाय तर माझं काय झालं आसतं." आत्या हे बोलली तेव्हा ती अजून घुंगरंच भरत होती आणि एक घुंगरू कानाशी हलवायला मिनिटभर थांबली, एवढं मला आठवतंय.

मग ती साखळी शाळेत आली. आक्का ती डाव्या मुठीत धरायची, हात दप्तराखाली. बाईंनी एकदा वाकून बघितलं, आवाज नाही म्हटल्यावर काही न बोलता पुढं गेल्या. त्या बाईंचे उपकार. पुढं आक्कानं स्वतःच तिला कड्या जोडून ती थोडी वाढवली, एक कडी सैल ठेवली, अंगठ्यानं गोल गोल फिरवायला. आणि बघता बघता ती खिडकीतून आत आली. गणित तिला तसंच अवघड जायचं, पण इतिहास-भूगोल म्हणजे गोष्टीच की, त्या तिच्या डोक्यात राहायला लागल्या. सहामाहीचा निकाल लागला. बाईंनी नंबर वाचले. तिसरा नंबर आक्काचा. चौथा माझा.

हसू नका. चौथा नंबर म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. माझा कायम पहिला, कधी दुसरासुद्धा आला नव्हता. आणि पुढं कोण, तर फळ्यावर जिचं नाव मी रोज लिहायची ती. घरी आण्णांनी निकालाचा कागद दोनदा वाचला आणि जेवताना आपल्या ताटातला गुळाचा खडा उचलून आक्काच्या ताटात ठेवला. तो खडा मला अजून दिसतो. एवढासा तर होता.

थंडीच्या दिवसांत शाळा तपासायला साहेब यायचे होते. आठवडाभर आधी भिंती सारवल्या, आम्हाला नखं कापून यायला सांगितलं, हेडसरांनी तर मिशासुद्धा कातरल्या. साहेब यायच्या दिवशी सकाळी आक्का न्हाणीत होती. तिची साखळी कोनाड्यात. आत्याची परात आणि चिमटा मधल्या खोलीत, आत्या बस्तीत गेलेली. मला फार वेळ लागला नाही. एका घुंगराचं तोंड चिमट्यानं फाकवलं, परातीतली एक गोळी आत टाकली, तोंड दाबून बंद केलं. एकच गोळी. सगळ्यांत नाही, एकाच घुंगरात. मी काही दुष्ट नव्हते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. जरासा आवाज येईल, बाई रागावतील, साखळी काढून घेतील, पुढच्या वेळी माझा नंबर वर जाईल. माझा हिशेब तेवढाच होता. साखळी तिच्या रुमालात गुंडाळून तिच्या दप्तरात मीच ठेवली, आणि आक्का ओले केस पुसत म्हणाली, "शानी गं माझी सुली."

साहेब मध्यम उंचीचे, थकलेले, तिसऱ्या शाळेचं पाणी आणि चहा पिऊन आलेले. हेडसर त्यांच्या मागं, बाई भिंतीला लागून. आक्कानं साखळी मुठीत घेतली होती पण साहेबांच्या धाकानं ती गच्च आवळून धरलेली, बोटं हलत नव्हती. साहेबांनी विचारलं, "पंचगंगेत कुठल्या नद्या येऊन मिळतात, कोण सांगेल?" आणि आक्काचा हात वर गेला. तिनं जन्मात कधी हात वर केला नव्हता. बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यानंतर फार थोड्या चेहऱ्यांवर बघितलं. साहेब म्हणाले, "हं, बोल बाळ." आक्का उभी राहिली, उठताना मूठ सैल झाली, आणि छुन्.

एखाद्या दुसऱ्या मुलीनं मूठ मिटली असती आणि उत्तर देऊन टाकलं असतं. आक्काला ते जमणारं नव्हतं. जी साखळी इतके महिने बोलली नव्हती ती बोलली कशी, हे कळल्याशिवाय तिला पुढं जाताच येईना. तिनं मूठ उघडून बघितलं. भर वर्गात, साहेबांसमोर, तिनं एक घुंगरू हलवलं, मग दुसरं, मग तिसरं, कुठल्यातून आवाज येतो ते शोधत. छुन्, छुन्. अख्खा वर्ग हसायला लागला. मीसुद्धा. हेडसर पुढं आले, साखळी ओढून घेतली आणि म्हणाले, "हितं शिकाय आलीस का पैंजण घिऊन नाचाय?" साहेब घड्याळ बघत होते. "असू द्या," ते म्हणाले आणि त्यांनी बोट माझ्याकडं केलं, कारण मी ताठ बसले होते. "तू सांग." मी उभी राहिले आणि घडाघडा म्हटलं, "कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती." साहेब म्हणाले, "शाब्बास." आक्का अजून उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

हेडसरांनी आण्णांना बोलावून घेतलं. आण्णा शाळेतून परतले ते साखळी सदऱ्याच्या खिशात घालून. आम्हाला वाटलं आता मार बसणार. ते पाटावर बसले, चष्मा लावला आणि साखळी उजेडाकडं धरून एकेक कडी बघायला लागले. बराच वेळ. मग म्हणाले, "ह्या पुढच्या कड्या कुणी जोडल्या?" आक्का म्हणाली, "मी." आण्णांनी तिला जवळ बोलावलं, तिची बोटं आपल्या तळहातावर घेतली, उलटी-सुलटी करून बघितली, आणि त्यांचा चेहरा फुलला. खोटं का सांगू, इतक्या कौतुकानं त्यांनी माझ्याकडं कधीच बघितलं नव्हतं. "आगं, सांधा दिसत न्हाय की ह्यात. आनी असला हात तिथं बाकाखाली नासाय लागलाय." आईकडं वळून म्हणाले, "मास्तर म्हंत्यात हिचा हात शाळेत थांबत न्हाय. न्हाय थांबत तर न्हाय. हात हितं चालू दे."

आत्या मधल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती आण्णांपुढं कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "दादा, तसं न्हाय ते. तिचा हात चालतोय म्हणून तिला ऐकाय येतंय. हाताला तुमी काम दिलासा, पर ऐकायचं काय ठेवलासा तिला?" आण्णांना खरंच कळलं नाही. आमच्या घराण्यात हात चालणं हीच विद्या होती, हात चालतोय तो तिसऱ्याच कशासाठी तरी, हे त्यांच्या डोक्यात शिरणार कसं? ते म्हणाले, "तुजं आपलं कायतरीच." आणि आईला सांगितलं, गोड करा. आईनं शिरा केला. घरात सगळे खूश होते. मुलगी कशात बसत नव्हती ती एकदाची बसली, असंच सगळ्यांना वाटलं. आक्का शिऱ्यात नुसती बोटं फिरवत बसली होती, सगळ्यांनी धरलं की लाजली. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर कदाचित सगळं फिरलं असतं. मी तोंड उघडलं आणि दोन वाट्या शिरा खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेला निघताना आक्का आण्णांच्या शेजारच्या पाटावर असायची. आधी दोन-चार दिवस ती मला विचारायची, आज काय शिकवलं. मी घाईघाईत काहीतरी सांगायची. मग तिनं विचारायचं सोडलं. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, गावातल्या गावात, चांदीकाम करणाऱ्या घरातच. मागणी तिच्या हाताला आली होती. सगळी हुपरी तिच्या कामाचं नाव काढायची, हे खोटं नाही, आणि ती दुःखात होती असंही मला म्हणता येणार नाही. पण पुड्यांचे कागद ती शेवटपर्यंत आधी वाचायची आणि मग सोडायची.

मी शिकले. आणि झाले काय, तर मास्तरीण. हुपरीच्या आसपासच्या शाळांत सगळी नोकरी काढली. माझ्या टेबलाला एक खण होता. पोरांच्या हातातून काढून घेतलेल्या वस्तू मी त्यात टाकायची. बटणं, चिंचोके, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, वळवून वळवून मऊ पडलेली तार, एका मुलीच्या परकराची नाडी. खण भरला की रिकामा करायची आणि पुन्हा भरायची. बाई कडक आहेत, असं माझं नाव होतं. मला ते आवडायचं. किती पोरं त्या खणातून खिडकीबाहेर घालवली, ते आता मोजायची हिंमत होत नाही.

डॉक्टरीणबाईंकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हुपरीची गाडी पकडली. मुलाला सांगितलं, आक्काला बरं नाही. ती ठणठणीत होती. गेले तेव्हा दुपार होती आणि ती दारात सूप घेऊन तूरडाळ निवडत बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर, अंगठा सुपाच्या कडेवर गोल गोल फिरत होता. "ये पावणं," म्हणाली. "आज कशी काय वाट चुकलीस?" मी चप्पल काढली, तिच्यापुढं बसले आणि पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाल्या, सान्वीची जाळीची पिशवी, आणि मग घुंगरू, गोळी, चिमटा, कोनाडा. आयुष्यभर जे गिळून बसले होते ते सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आक्का डाळ निवडतच होती.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली.

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"गोळी तू घातलीस ते. आण्णांच्या खिशातनं साखळी काढून त्याच दिवशी बगितलं मी. घुंगराच्या तोंडावर चिमट्याचे दात उमटले हुते. आमच्या घरात तसलं गबाळं काम करणारं माणूस एकच हुतं."

आमच्याकडं जुन्या बायका बोलताना पुरुषांसारखं आलो-गेलो म्हणतात. शाळा शिकून माझं ते सुटलं, तिचं कधी सुटलं नाही. ती म्हणाली, "दोन वरसं मी तुझ्याशी नीट बोललो न्हाय. तुझ्या ध्यानात तरी आलं काय?"

मी खरं तेच सांगितलं. "न्हाय."

"येणार कसं? तू अभ्यासात हुतीस."

"मग आण्णांना सांगितलं का नाहीस? मला झोडपलं असतं."

"झोडपून सोडलं आसतं तर सांगितलं आसतं. तुलाबी शाळंतनं काढली आसती. मग दोघी पाटावर. घरात पुस्तक कुणी आणलं आसतं? तू आणायचीस, झोपायचीस, मी वाचायचो." तिनं डाळीतला एक खडा उचलून अंगणात टाकला. "सगळं न्हाय कळायचं. मधली पानं राहायची."

मी रडत होते. सत्तरी ओलांडलेली बाई, दारात, येणारे-जाणारे बघतायत. ती उठली, आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आली, माझ्यापुढं ठेवलं. माझ्या पाठीवरून हात फिरवेल असं मला वाटलं होतं. फिरवला नाही. तिनं परत सूप पुढं ओढलं आणि बोटं डाळीत घातली. मला माफ केलंस का, असं मी विचारलं नाही, कारण ती मला जे सांगेल ते मला पुरलं नसतं. मी विचारलं, "त्या दिवशी तुला उत्तर येत होतं?"

आक्का आता नाही. तिला जाऊन दुसरं वर्ष लागलं. सान्वीला मी हे सगळं सांगितलं नाही अजून, मोठी झाली की वाचेल. पण आक्कानं मला त्या दुपारी जे सांगितलं ते कुणाला तरी माहीत पाहिजे, म्हणून हे लिहायला बसले. तिनं सूप खाली ठेवलं, चष्मा काढला, आणि साहेब समोर असल्यासारखं माझ्याकडं बघून म्हणाली,

"तू चारच सांगितल्यास, सुले. आनी साहेब शाब्बास म्हणाला. पंचगंगा म्हटल्यावर चार कशा आसतील? पाच हायत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आनी सरस्वती. सरस्वती दिसत न्हाय, ती खालनं येती, म्हणून लोकं सोडत्यात. मी तीबी सांगणार हुतो."